पहिल्या हाकेची ओ

साक्षीच्या दिवशी सकाळी मायलेकींचं चांगलंच जुंपलं, आणि तेही एका शब्दावरून.

“तू एवढंच म्हण, की मला नीट ऐकू आलं नाही,” लेक म्हणाली. “बस्स. पुढे तो वकील डोकं आपटून घेईना का!”

“आणि ऐकू आलं होतं त्याचं काय करू?” आईने विचारलं. ती खिडकीशी बसून एका शर्टाची काजं करत होती. शिंप्याकडून शर्टांचा गठ्ठा यायचा, काजं-बटणं करून परत जायचा. साक्षीला जायचं होतं त्या दिवशीही तिने सुई हातात घेतली होती. हात रिकामे राहिले की तिचं डोकं भलतीकडे जायचं.

“खोटं बोल असं म्हणत नाहीये मी.”

“मग दुसरं काय म्हणतेस?”

“आई, तुझ्या या खरेपणावर ते लोक सुटणार आहेत! कळतंय का तुला?” लेक बसमध्ये कंडक्टर होती. दिवसभर ‘पुढे सरका, पुढे सरका’ करून कमावलेला आवाज घरात आला की शेजारच्या भिंतीलाही ऐकू जायचा. “चार वर्षं आपण उंबरे झिजवले. आयोग बसला. आता सगळं येऊन अडलंय तुझ्यापाशी. तू म्हणालीस की सकाळी माझ्या मुलाने ओ दिली, की संपलं. सकाळी जिवंत होता, धडधाकट होता, अचानक गेला, कोणाचा दोष नाही. मग घरी या आणि काजं करत बसा!”

आईने दोरा दाताने तोडला. मग म्हणाली, “तेवढंच राहिलंय गं माझ्याकडे.”

“काय?”

“त्याची ओ. शेवटची. तीही नव्हती म्हणू?”

इतक्या वर्षांत आईने हे लेकीला एकदाही सांगितलं नव्हतं. ती उठली, आईच्या चपला आणून दाराशी ठेवल्या आणि तोंड धुवायला निघून गेली. तोंड तिने पहाटेच धुतलं होतं.

आता हे प्रकरण काय ते पहिल्यापासून सांगायला हवं.

मुलगा रंगारी होता. घरांच्या भिंती रंगवायचा. हात इतका साफ की खिडकीच्या कडेला पट्टी न लावता रेघ ओढायचा. बाकी स्वारी मात्र आपल्याच नादात. आईने पहिली हाक मारली तर त्याच्यापर्यंत पोचायची नाही. दुसरी पोचायची, पण साहेबांची मर्जी व्हायची नाही. तिसरी हाक चढ्या आवाजात गेली की मग कुठे, “काय गं, आलो की!” लहानपणापासून हेच. त्यावरून आईने त्याचं नाव ठेवलं लाटसाहेब, आणि बहीण म्हणायची, “आई, हाका काय मारतेस, छापील आमंत्रण पाठव.” पहिल्या हाकेला ओ त्याने उभ्या जन्मात दिली नव्हती. जेवायला नाही, शाळेला नाही, पडून गुडघा फुटला तेव्हासुद्धा नाही.

त्याला दमा होता. रंगाच्या वासाने तो आणखी वाढला. दुसरं काम बघ म्हटलं तर ऐकेल तर शपथ. म्हणून आईने त्याच्या प्रत्येक शर्टाला आतल्या बाजूने एक खिसा शिवला होता, वर झाकण, झाकणाला बटण, आणि बटणाचं काज तिच्या हातचं. त्या खिशात दम्याचा पंप. शिडीवर उभा असताना वाकला तरी पडू नये म्हणून.

तो रंगवत होता त्या इमारतीत चोरी झाली. पोलिसांनी काम करणारे सगळे उचलले. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांना सोडलं. याला ठेवलं, कारण यानेच तेवढं साहेबांना विचारलं, “माझ्यावर संशय कशावरून?” एवढा प्रश्न पुरला! पुढे चोर सापडला, तो मालकाचाच पुतण्या निघाला. त्याला कोणी कोठडीत घातलं नाही हो. घरातलं प्रकरण घरात मिटलं.

कोठडीत घालण्याआधी अंगावरचं सगळं काढून घ्यायचा नियम असतो. पट्टा, बुटाच्या नाड्या, खिशातलं जे असेल ते. माणसाने स्वतःच्या जिवाला काही करू नये म्हणून. हेतू चांगलाच. त्या चांगल्या हेतूने आतल्या खिशाचं बटण सोडून पंपही काढला गेला, पिशवीत पडला, आणि पिशवी खुंटीला लागली. तो काय आहे असं कोणी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं असेल तर कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नवा पंप घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिथे बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून एक बाक होता. टेबलाशी हवालदार. आता हवालदार म्हटलं की मिशा आणि दरडावणी डोळ्यांपुढे येते. हा तसला नव्हता, हा गोडबोल्या. “या मावशी. बसा. पाणी घेता?” त्याने खरंच पाणी दिलं, आणि दिलं तेही पेला विसळून.

“माझा मुलगा आत आहे. त्याला दमा आहे. हा पंप त्याला नेऊन द्या,” आई म्हणाली.

“देतो की. साहेब येऊ देत, त्यांना विचारून देतो.”

“आत्ता द्या ना, नाहीतर मला आत जाऊ द्या. रात्रभर पंपाशिवाय...”

“अहो, ठणठणीत आहे तो! मघाशीच ओ दिली त्याने. खोटं वाटतं? थांबा.” हवालदार चहाचा पेला हातात घेऊनच उठला. खोलीच्या टोकाला दार होतं. तिथून एक बोळ आत जायचा आणि वळायचा, वळणापलीकडे कोठडी. तो बोळात गेला नाही. एक हात चौकटीला टेकवून दारातच उभा राहिला आणि आत तोंड करून ओरडला, “रंगारी!”

“आहे!” आतून आवाज आला.

“झालं समाधान?”

झालं. आईच्या जिवात जीव आला. तिच्या मनात आलं, बघा, पहिल्या हाकेला ओ! जे मला जन्मात जमलं नाही ते पोलिसांनी एका रात्रीत करून दाखवलं. आणि ती हसली. हवालदारही हसला. पंप टेबलावर ठेवून ती घरी आली आणि त्याच्या आवडीचं काहीतरी करावं म्हणून तिने चूल पेटवली.

जेवणवेळेच्या आत निरोप आला. मुलगा गेला.

डॉक्टरांना वेळ नेमकी सांगता येईना, कारण त्यांच्यापर्यंत देह पोचायलाच उशीर लावला होता. मध्यरात्रीनंतर आणि दुपारच्या आत कधीतरी, एवढंच ते म्हणाले. पोलिसांना तेवढी फट पुरली. त्याच दिवशी, डोकं ठिकाणावर नसताना, आईचा जबाब घेतला. ‘सकाळी आवाज आला का?’ आला. ‘मुलाचा होता का?’ होता. खाली सही.

त्यानंतरची वर्षं मायलेकींनी कशी काढली ते सांगत बसलो तर माझंच डोकं फिरेल. या साहेबाने त्या साहेबाकडे पाठवायचं, त्याने परत याच्याकडे. कोणी म्हणायचं कागद वर गेलेत, कोणी म्हणायचं खाली आलेत. कागदांचा तेवढा व्यायाम झाला! लेकीने रजा घालवल्या, बढती घालवली. शेवटी एक वकीलबाई भेटल्या, त्यांनी चिकाटी धरली, वर्तमानपत्रांत बोंबाबोंब झाली, आणि सरकारने एक निवृत्त न्यायाधीश नेमून चौकशी आयोग बसवला.

आणि त्या सगळ्या वर्षांत आई काजं करता करता मध्येच थांबायची. आत कुठेतरी तिला ऐकू यायचं, “आहे!” फोटो होते घरात, पण फोटो बोलत नाहीत. आवाज एवढा एकच उरला होता. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही की ती तो पुन्हा पुन्हा ऐकायची, आणि मग तिला झोप लागायची. एकच शब्द, पण जिवंत माणसाने दिलेला.

आयोगाचं कामकाज जुन्या वाचनालयाच्या दालनात चालायचं. पुस्तकांची कपाटं भिंतींकडे सरकवून मध्ये लांब टेबल लावलं होतं, आणि खुर्च्या कुठून कुठून गोळा केलेल्या, एकीला दुसरीचा मेळ नाही. जजसाहेब वयस्क, कमी बोलणारे. काही पटलं नाही की चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि तसेच बघत बसायचे. पोलिसांचा वकील मात्र बोलायला वाघ. त्याचे टाय रोज नवे, म्हणून लेकीने त्याचं नाव टायवाला ठेवलं होतं.

आईच्या आधी एका खिसेकापूची साक्ष झाली. त्या रात्री तो त्याच कोठडीत होता.

“धंदा?” जजसाहेबांनी विचारलं.

“सोडला साहेब. बोटं आखडतात हल्ली.”

दालनात हशा पिकला. टायवाल्याने हळूच पाकीट आतल्या खिशात सरकवलं.

“रात्री तपासणी कशी व्हायची?”

“हवालदार दारातनं हाक मारतो. आतनं ओ आली की हा परत खुर्चीत. ओ नाही आली तर आत येतो, आणि आत येताना काठी घेऊन येतो. मग झोपलेल्याला कशाला मार खाऊ द्यायचा? म्हणून आमची आपली पद्धत आहे साहेब. जो जागा असेल त्यानं सगळ्यांची ओ द्यायची.”

“रंगाऱ्याची ओ तुम्ही दिलीत?”

“रात्री दिली. खोकत होता बिचारा, सारखा. छाती धरून बसला होता. आम्ही ओरडलो, कोणी आलं नाही. मग गप झाला. मला वाटलं, चला, लागला डोळा. आता कोणी उठवू नये याला, म्हणून पुढच्या हाकेला मीच म्हटलं, आहे.”

लेकीने आईचा हात घट्ट धरला.

“आणि सकाळी?”

खिसेकापूने डोकं खाजवलं. आता त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. “ते आठवत नाही साहेब. शपथेवर सांगतो. मी दिली असेल, दुसऱ्या कोणी दिली असेल, त्यानं स्वतः दिली असेल. सवयीनं तोंडातनं जातं हो.”

मग हवालदार उभा राहिला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, बोलणं तसंच गोड. “रोजची पद्धत आहे साहेब. मी नवीन लागलो तेव्हा मला अशीच शिकवली.”

“आत जाऊन बघत नव्हता?”

“ओ आल्यावर कशाला जायचं, साहेब?” त्याने अगदी मनापासून विचारलं. जजसाहेबांनी चष्मा काढून ठेवला.

म्हणजे घोडं येऊन अडलं ते सकाळच्या त्या ‘ओ’पाशी. ती मुलाची असेल तर पोलीस सुटले. नसेल तर तो रात्रीच गेला, आणि उजाडून एवढा दिवस वर येईपर्यंत त्याच्याकडे एका माणसाने वळून पाहिलं नाही. ती ओ ऐकणारं बाहेरचं माणूस एकच होतं, ते म्हणजे त्याची आई.

टायवाला तिच्याशी बोलताना लोण्याहून मऊ झाला. “मातोश्री, तुमच्या दुःखाची आम्हाला जाणीव आहे. फार त्रास देत नाही. त्या सकाळी तुम्ही बाकावर होतात?”

“होते.”

“आतून ओ आली?”

“आली.”

“जबाबात तुम्ही म्हटलंय, माझ्या मुलाचा आवाज मी ओळखला. बरोबर?”

“बरोबर.”

“बरोबरच असणार. पोटच्या पोराचा आवाज आईने ओळखला नाही, तर ओळखायचा कोणी?” तो जजसाहेबांकडे वळला. “ओळखला नाही असं म्हणणारी आई मी तरी पाहिलेली नाही.”

केवढा डाव टाकला होता बघा मेल्याने! नाही म्हणावं तर ती आई कसली. हो म्हणावं तर मुलगा हकनाक गेला. लेक खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसली होती.

“ओळखला होता,” आई म्हणाली.

लेकीने कपाळावर हात मारला. तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

वकीलबाई उठल्या. “बाकावरून कोठडी दिसते का?”

“नाही. मध्ये भिंत आहे. मग बोळ, तोही वळलेला.”

“म्हणजे आवाज भिंतीआडून, वळणाआडून आला.”

“हरकत आहे!” टायवाला ताडकन उठला. “बाकावरून सगळं स्वच्छ ऐकू येतं, साहेब. मी स्वतः बसून पाहिलंय. खोटं वाटत असेल तर कोणीही जाऊन बसावं!”

जजसाहेबांनी चष्मा घातला. “हरकत नाही. आपणच जाऊन बसू.”

ठाणं मागच्याच रस्त्यावर होतं. सगळे पायीच निघाले. पुढे जजसाहेब, मागे दोन्हीकडचे वकील, लेखनिक, वार्ताहर, आणि शेवटी मायलेकी. आई इतक्या वर्षांत त्या रस्त्याने गेली नव्हती. बाजाराला लांबून वळसा घालून जायची.

आयोग कधीतरी पाहायला येईल म्हणून ठाण्याला आधीच नवा रंग दिला होता. आईची नजर भिंतीवर गेली आणि तिच्याच्याने राहवलं नाही. “न घासताच रंग ओढलाय,” ती लेकीच्या कानाशी पुटपुटली. “पोपडे तसेच आहेत खाली. त्याने बघितलं असतं तर...” लेकीने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हसूही आलं होतं.

बाक तोच होता. जजसाहेबांनी आईला तिथे बसायला सांगितलं आणि स्वतः शेजारी बसले. कोठडी त्या दिवशी रिकामी होती. आत कोणाला तरी पाठवायला हवं होतं.

“माझा कारकून जाईल,” टायवाला ऐटीत म्हणाला.

“मी, सर?” मागून आवाज आला. कारकून म्हणजे चाळिशी ओलांडलेला, चष्मेवाला, काखेत कागदांचे गठ्ठे धरलेला काडीपैलवान. बोलला की नाकातून बोलायचा, आणि तेही मांजराच्या पिल्लासारखं. “मी आत जाऊ? कोठडीत?”

“जन्मठेप नाही देत तुला! जा.”

पोलीससुद्धा हसले. कारकुनाने गठ्ठे लेखनिकाच्या हवाली केले, चष्मा सारखा केला आणि बोळात गेला. गज लावल्याचा आवाज आला.

“त्या दिवशी केलंत तसंच करा,” जजसाहेब हवालदाराला म्हणाले.

हवालदार दारापाशी गेला. कोणी न सांगता त्याचा एक हात चौकटीवर गेला, आणि दुसरा चहाचा पेला धरल्यासारखा वर राहिला. घसा साफ करून तो ओरडला.

“रंगारी!”

“आहे!”

आई उभी राहिली. आपण उठलो हे तिला कळलंसुद्धा नाही. पाऊल पुढे पडलं, हात पुढे आला आणि तोंडातून निघून गेलं, “अरे लाटसाहेब...”

तोच आवाज. तसाच जाड, घोगरा, भिंतीला घासून आलेला. चार वर्षं रोज रात्री ऐकलेला, अगदी तोच. तिच्या लेकराचा.

मग गज उघडले आणि बोळातून कारकून बाहेर आला, पँट झटकत. “आलं का ऐकू, सर?” त्याने नाकातून विचारलं.

आई त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या तोंडाकडे, त्याच्या चष्म्याकडे. तो बिचारा बावरून मागे सरकला.

“स्वच्छ!” टायवाल्याने टाळी वाजवायचंच बाकी ठेवलं. “मातोश्री, आलं ना ऐकू?”

“आलं.”

“काही शंका?”

“नाही.”

“बघा साहेब. तेव्हा माझा मुद्दा—”

जजसाहेबांनी हात वर केला. ते शेजारीच बसलेले होते. त्यांनी तिला उठताना पाहिलं होतं. “बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही उभ्या का राहिलात?”

आई परत बाकावर बसली.

काहीही सांगता आलं असतं तिला. गुडघा धरला म्हणता आलं असतं, दचकले म्हणता आलं असतं. तिच्या कानात शिरून कोण बघणार होतं? त्या दिवशीचा आवाज वेगळा होता असं म्हटलं असतं तर तो तिचाच राहिला असता, रात्री उशाशी घेऊन झोपायला. एक शब्द होता सगळा मिळून. तो दिला की मागे काय उरतं हे तिला एकटीलाच माहीत होतं. तिने लेकीकडे पाहिलं. लेक बाकाजवळ आली, खाली बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. सकाळी भांडली ती हीच का असं वाटावं इतक्या हळू म्हणाली, “राहू दे आई. नको बोलूस तुला नको असेल तर.”

हे ऐकलं आणि आईला रडू फुटलं. रडता रडताच ती बोलली.

“हा माझ्या मुलाचा आवाज होता, साहेब.”

“आत्ताचा?”

“आत्ताचा. या भाऊंनी दिला तो. हाच त्या दिवशी ऐकला होता मी. यात केसाचाही फरक नाही.” तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं. “म्हणजे आतून कोणीही बोललं तरी ते माझंच पोर वाटतं. म्हणजे तो नव्हता. त्या दिवशीही नव्हता.”

लेखनिकाने ते लिहून घेतलं.

“आणि आणखी एक लिहून घ्या. माझा मुलगा पहिल्या हाकेला ओ देत नसे. कधीच नाही. तिसऱ्याला द्यायचा. त्या दिवशी पहिल्या हाकेला ओ आली आणि मला गंमत वाटली. मी हसले, साहेब. तो आत पडला होता आणि मी इथे बसून हसले. मला ऐकायचं होतं ते मी ऐकलं.”

टायवाल्याने घसा खाकरला. “म्हणजे साहेब, फार तर एवढंच म्हणता येईल की खात्री देता येत नाही...”

“खात्री करायला आत जावं लागतं,” आई म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती हवालदाराकडे बघत होती.

हवालदार अजून दारातच उभा होता. चौकटीवरचा हात त्याने आता काढून घेतला. “मावशी,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यातला गोडवा गेला होता, “मलाही वाटलं तोच आहे. आईशपथ. मला काय माहीत...”

“मला वाटलं, कारण मी या बाकावर होते. मला आत सोडत नव्हते. तुम्हाला कोणी अडवलं होतं?”

हवालदाराने बोळाकडे पाहिलं. चार पावलं आणि एक वळण, बस्स, एवढंच अंतर होतं. त्याची मान खाली गेली ती पुन्हा वर आली नाही.

आयोगाचा अहवाल पुढे आला. मुलगा रात्रीच गेला आणि कोणी पाहायला गेलं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. हवालदाराची नोकरी गेली. ज्या साहेबांच्या राजवटीत ही पद्धत वर्षानुवर्षं चालली ते साहेब मात्र कधीच वरच्या जागेवर गेले होते, आणि तिथून त्यांनी ‘अहवाल वाचून दुःख झालं’ असं कळवलं. दुःख झालं म्हणे! आता त्या ठाण्यात दारातून हाक मारायला बंदी आहे. गजापर्यंत जाऊन, माणूस श्वास घेतोय हे डोळ्यांनी पाहावं लागतं. हे करायला एक पोर जावं लागलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी जजसाहेब उठले, लेखनिकाने कागद आवरले, माणसं बाहेर पडू लागली. आई मात्र बाकावरून हलेना.

“मला आत जाऊ देता?” तिने विचारलं. “तेव्हा जाऊ दिलं नव्हतं.”

जजसाहेबांनी मान हलवली. हवालदार चटकन बाजूला झाला.

ती बोळातून गेली, वळणावरून वळली. मागे लेक होती. कोठडी अगदीच लहान होती. भिंती इथे रंगवलेल्या नव्हत्या, आयोग इतक्या आतपर्यंत येईल असं कोणाला वाटलं नसावं. आईने गज धरले आणि मुलाच्या नावाने हाक मारली. लाटसाहेब म्हणून नाही, त्याच्या खऱ्या नावाने.

मग दुसरी मारली.

तिसरी तिने चढ्या आवाजात मारली, जेवायला बोलवायची तशी. बाहेर बाकापर्यंत ती सगळ्यांना ऐकू गेली.

लेक तिचा दंड धरून उभी राहिली. “चल आई,” थोड्या वेळाने ती म्हणाली.

“थांब जरा,” आई म्हणाली. “त्याला वेळ लागतो.”